दोराचं दुसरं टोक

१

धाकटी पडली तेव्हा तिची थोरली बहीण सावलीत खुर्ची टाकून बसली होती. आपण त्या वेळी बसून होतो, या एका गोष्टीचा राग तिच्या मनातून पुढे कधी गेलाच नाही.

धाकटी हे घरातलं नाव. बाकी तिच्यात धाकटं असं काही नव्हतं. इस्पितळाच्या धुलाईखान्याची ती मुकादम. दारातून आत येताना ती सवयीनं जराशी तिरकी व्हायची, आणि तिच्या मापाचे बूट पुरुषांच्या दुकानातून आणावे लागायचे. थोरली शेजारच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, काटकुळी, चष्म्याआडून बघणारी. तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. दोघींनी संसार मांडले नाहीत. एकमेकींचा मांडला, असं धाकटी हसत सांगायची.

दरवर्षी धुलाईखान्याच्या बायका आणि स्वयंपाकघराच्या बायका यांची रस्सीखेच व्हायची. चादरी वाळत घालायचं सिमेंटचं मोठं अंगण त्या दिवशी रिकामं करायचे. धाकटी धुलाईखान्याचा खुंटा. खुंटा म्हणजे दोराच्या अगदी शेवटी उभी राहणारी. दोर कमरेला वेढून खांद्यावरून घ्यायची मुभा तिला एकटीलाच. इतरांना जड झालं तर त्या दोर सोडून देऊ शकतात. खुंट्याला ती सोय नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. खुंट्यानं आपले बूट घालून चालत यायचं नाही. बुटांच्या तळव्यांना धूळ लागू नये म्हणून तिनं रेषेवर स्टुलावर बसायचं आणि पुढच्या दोघींनी तिच्या पायात बूट चढवायचे. लोक तेव्हा टाळ्या वाजवायचे. नवरी नटवल्यासारखं.

त्या दिवशीही तसंच झालं. शिट्टी वाजली, दोर ताणला, कुणी हललं नाही. मग दुसरी शिट्टी झाली, दोन्हीकडच्या बायका मागे रेलल्या, आणि स्वयंपाकघराच्या साऱ्याजणी एकदम उताण्या पडल्या. एकीवर एक, पाय वर. लोक खो खो हसले. त्या हसण्यातच धाकटी गोणीसारखी फरफटत पुढे आली आणि दोराच्या कडेला असलेल्या, चादरींच्या तारेच्या लोखंडी खांबावर कमरेनं आदळली. ओलं गाठोडं जिन्यावरून खाली टाकल्यावर होतो तसा आवाज झाला. हसणं बंद व्हायला मात्र वेळ लागला.

कंबरेचं हाड गेलं होतं, आणि डाव्या पायातली जाणीवही. चालेल की नाही हे तिचा पायच सांगेल, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळच्या आत सगळ्या इस्पितळानं गुन्हेगार ठरवून टाकला: स्वयंपाकघराचा खुंटा, जिला तिच्या आवाजामुळे ‘तोफ’ म्हणायचे. मागच्या वर्षी हरल्यावर तिनं भर अंगणात शपथ घेतली होती, की पुढच्या खेपेला हिला जमिनीवर लोळवली नाही तर नाव बदलीन. तिनं नियमाबाहेरचा हिसका दिला, असं सगळे म्हणत होते. अधीक्षकांनी बाईंना बोलावून सांगितलं की सोमवारी चौकशी आहे, तोफेला कामावरून काढू, तुमचं समाधान होईल.

बाई म्हणाल्या, “मला तोफ नको. ज्यानं केलं ते माणूस हवंय.”

“म्हणजे तिनं केलं नाही असं तुम्हाला वाटतं?”

बाईंना काहीच वाटत नव्हतं. पण शुद्धीवर आल्याबरोबर धाकटीनं त्यांचा हात धरला होता आणि कानात म्हणाली होती, “ताई, मी पाय घसरू देणारी नाही. मला घसरवलंय कुणीतरी.”

२

लहानपणी धाकटी बाईंना गोणपाटावर बसवून घरभर ओढायची. थोरलीनं बसायचं, धाकटीनं ओढायचं, असा उलटा न्याय. खरखरीत फरशीवर गोणपाट अडायचं, उंबऱ्याजवळच्या गुळगुळीत दगडावर ते सुळकन निघायचं आणि दोघी धपकन पडायच्या. फरशी का अडवते आणि दगड का सोडतो, हा बाईंना आयुष्यात पडलेला पहिला प्रश्न. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी मुलींना घर्षण शिकवलं ते त्या गोणपाटाच्या जोरावर.

आता ती ओढणारी पलंगावर पडली होती आणि बाई शेजारी बसून एकच गोष्ट मनात घोळवत होत्या. जिनं हे केलं तिला अशीच पाडायची. नुसती शिक्षा नाही, अशीच.

खोलीत अबोली होती. इस्त्रीच्या टेबलावरची ही बाई. तोंडातून शब्द काढायला नको म्हणून तिला ते नाव पडलेलं. रस्सीखेचीत ती धाकटीच्या अगदी पुढे उभी राहायची. अपघात झाल्यापासून कामाच्या आधी आणि नंतर ती न बोलावता यायची. वाफाळत्या पाण्यात कापड बुडवायची, दोन्ही हातांनी कडकडीत पिळायची, आणि धाकटीची पाठ शेकायची. बाईंना ते पाणी बोट लावायलासुद्धा कढत वाटायचं. सख्खी बहीण असून आपल्याला जमत नाही ते ही परकी करते, असं त्यांच्या मनात यायचं.

“नीट आठव,” बाई धाकटीला म्हणाल्या. “पहिल्या शिट्टीला काय झालं?”

“काही नाही. पाय घट्ट होते. मी सरळ उभी होते, नुसता दोर धरून.”

“दुसऱ्या शिट्टीला?”

“रेलले. सगळं वजन टाचांवर घेतलं, नेहमी घेते तसं. आणि टाचा गेल्याच. लोण्यावर ठेवल्यासारख्या. मग खांब दिसला. अख्खा, वरपासून खालपर्यंत, सरळ माझ्याकडे येताना. डोळे मिटले की तोच दिसतो.”

अबोलीनं कापड पुन्हा बुडवलं, पिळलं, झटकलं.

“हिसका बसला का? पुढून?”

धाकटी म्हणाली की सगळे तेच विचारतात, आणि हिसका बसला असं म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं. पण तिला आठवत नव्हता.

बाहेर पडताना बाईंनी अबोलीच्या पाठीवरून हात फिरवला. “तू आहेस म्हणून,” त्या म्हणाल्या. अबोलीनं मान खाली घालून कापड झटकलं. ती कुठे बोलायची.

३

शिट्टी वाजवणारा होता पहारेकऱ्यांचा म्होरक्या, मिशीवाला हवालदार. पूर्वी कधीतरी त्यानं धाकटीला मागणी घातली होती आणि तिनं ‘आधी मला उचलून दाखव’ म्हणून चार लोकांत त्याचं हसं केलं होतं. त्यामुळे काही जिभा त्याच्याकडेही वळल्या होत्या. त्यानं दोर आपल्या खोलीत कुलपात ठेवला होता. बाईंना बघताच बाहेर काढला आणि टेबलावर पसरला.

“वीत वीत तपासलाय,” तो म्हणाला. “तेल नाही, पाणी नाही, कापलेला नाही. नवा कोरा दोर. मी लग्नाला नाही म्हटलेल्या बाईला मारायला दोर खराब करीन, असं कुणी म्हणत असेल तर ये म्हणावं समोर.”

“ती नाही म्हणाली होती. तुम्ही नव्हे.”

“तेच ते,” हवालदार म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवला.

बाईंनी सगळीकडे नजर टाकली. कोपऱ्यात वॉर्डातलं चाकांचं स्टूल होतं, पहाऱ्यावर बसायला पळवून आणलेलं. त्यांनी हवालदाराला त्यावर बसवलं, पाय वर घ्यायला लावले आणि भिंतीला ढकलायला सांगितलं. म्हातारीचं मन मोडू नये म्हणून त्यानं ढकललं. स्टूल गडगडत मागे गेलं आणि तो दाराला धडकला.

“भिंत हलली का?”

“भिंत कशी हलेल?”

“मग तुम्हाला कुणी ढकललं?”

हवालदारानं दाराकडे बघितलं, मग भिंतीकडे.

“तुम्ही भिंतीला जितकं ढकललंत तितकंच तिनं तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “जोर कधी एकटा येत नाही, जोडीनं येतो. दोराचंही तसंच. तो कुणाची बाजू घेत नाही. त्या टोकाला जितका ओढतो तितकाच या टोकाला. तुम्ही सगळे दोर तपासत बसलात. निकाल दोरात लागतच नाही.”

“मग कुठे लागतो?”

“पायाखाली. ज्याला जमीन धरते तो जिंकतो.”

तिथून त्या स्वयंपाकघरात गेल्या. तोफ एकटीच मोठ्या पातेल्यासमोर बसली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. इतका मोठा आवाज असलेली ती इतकं हळू बोलत होती, की ऐकायला बाईंना जवळ सरकावं लागलं.

“मी लोळवणार म्हणाले होते,” तोफ म्हणाली. “नाकारत नाही. पण माझ्या हातानं, तिच्या डोळ्यांदेखत. अशी नाही. आणि बाई, तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, आम्ही ओढलंच नाही. आम्ही पडलो. बंद दाराला खांद्यानं रेटत असावं आणि आतून कुणीतरी कडी काढावी, तसं झालं. दोर एकदम हलका झाला.”

हे ती सगळ्यांना सांगत होती आणि सगळे हसत होते. बाई हसल्या नाहीत. हिसका दिला असता तर दोर आणखी ताठ झाला असता, आणि ताठ दोराला रेललेली माणसं उताणी पडत नाहीत. त्या पडल्या, कारण पलीकडचा आधार आधी गेला. मग त्यांच्या साऱ्यांच्या पडण्याचा भार दोरावर आला आणि कमरेला वेढा असलेली धाकटी ओढली गेली. तोफ खरं बोलत होती. तिला तसं सांगावं असं बाईंच्या ओठावर आलं, पण त्यांनी गिळलं. चोर बेसावध राहायला हवा होता.

धुलाईखान्यात दुय्यम मुकादम होती. तिला ‘घडी’ म्हणायचे. तिनं घातलेली चादरीची घडी फुटपट्टी लावून बघावी अशी. धाकटी उठली नाही तर मुकादमपद तिच्याकडेच जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिनं ते लपवलंही नाही.

“हो, मिळेल मला,” ती म्हणाली. “पण हे हात बघा आणि सांगा, मी ते कसं भोगू.” तिच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. “दोर सरसर हातातून गेला तो कातडी घेऊन. आमच्या सगळ्यांचं असंच. भाकड म्हशींसारख्या बसून आहोत. कामाचा सगळा भार एकट्या अबोलीवर पडलाय बिचारीच्या.”

बुटांचं विचारलं तर तिनं सरळ सांगितलं. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून बूट पांढरे केले आणि खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवले. येणारं जाणारं कुणीही हात लावू शकत होतं. स्टुलावर धाकटीला डावा बूट घडीनं चढवला, उजवा अबोलीनं.

“आणि आता ते बूट कुठे आहेत?”

घडीनं फळीकडे बोट केलं. सगळे बूट ओळीनं, दुधासारखे. धाकटीचे शेवटी, होडीएवढे.

“त्याच दिवशी गरम पाण्यातून काढून घेतले,” ती अभिमानानं म्हणाली. “धुलाईखान्यात मळलेली वस्तू रात्र काढत नाही. मुकादमबाईंचीच शिकवण.”

बाईंनी तो बूट उलटा केला. तळवा स्वच्छ होता. जे काही होतं ते मोरीतून वाहून गेलं होतं, आणि ते धाकटीच्या शिस्तीनंच वाहून गेलं होतं.

४

चौकशीच्या आदल्या दिवशी बाई पुन्हा अंगणात गेल्या. काय बघायला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. अपघातापासून अंगण बंद होतं, पण धुतलेल्या चादरींचे ढीग साचले होते, म्हणून घडीनं ते धुवून काढायचा हुकूम सोडला. झाडणारीनं नळी लावली. पाणी सिमेंटवर पसरत गेलं आणि राखाडी अंगण काळं होत चाललं.

बाई बाजूला सरकल्या, आणि सरकता सरकता थांबल्या.

अंगण सगळीकडे भिजलं, पण दोन पट्टे भिजेनात. धाकटी जिथे उभी होती तिथून निघालेले, टाचेएवढे रुंद, खांबाच्या दिशेनं काही पावलं जाऊन विरणारे. त्यांच्यावर पाणी आलं की अळवाच्या पानावर आल्यासारखं गोळा व्हायचं आणि ओघळून जायचं.

“नळी बंद कर,” बाई म्हणाल्या.

गुडघे कुरकुरत होते तरी त्या खाली बसल्या. पट्ट्यावर नखानं खरवडलं. नखात पांढुरकं काहीतरी आलं. बोटात चोळल्यावर ते मऊ झालं.

इस्त्रीघराच्या खिडकीतून एकाच इस्त्रीचा आवाज येत होता. प्रत्येक टेबलाला मेणाची पुरचुंडी टांगलेली दिसत होती. खळीच्या कपड्यावर इस्त्री अडू नये म्हणून बायका अधूनमधून तिच्या तळाला ती पुरचुंडी फिरवतात. लोखंड बोटीसारखं चालायला लागतं. बाईंनी ही हालचाल शेकडो वेळा पाहिली होती.

म्हणजे मेण. बुटाच्या पुढच्या भागाला नाही, फक्त टाचांना. स्टुलावरून उठून उभं राहताना काही कळू नये, आणि रेलल्याबरोबर जमीन सुटावी. हे डोकं चालवणाऱ्यानं धाकटीला पुष्कळ वेळा, जवळून, ओढताना पाहिलं होतं.

पण मेण कुणालाही मिळण्यासारखं होतं. स्वयंपाकघरात मेणबत्त्या होत्या, हवालदाराच्या खोलीत होत्या. बाईंनी झाडणारीला पुन्हा नळी सोडायला सांगितली आणि धुलाईखान्याच्या बाजूची सारी जागा, प्रत्येकीच्या उभं राहण्याची, भिजवून पाहिली. सगळीकडे पाणी निमूटपणे जिरलं. पट्टे दोनच.

जिंकायचं असतं तर सगळ्यांच्या बुटांना मेण लागलं असतं. इथे कुणाला खेळ जिंकायचा नव्हता. कुणाला तरी एकच बाई पाडायची होती, आणि ती बाई दोराला बांधलेली असते हे माहीत होतं.

बाईंनी डोळे मिटले. धाकटीचे शब्द त्यांच्या कानात पुन्हा आले: खांब दिसला. अख्खा, वरपासून खालपर्यंत.

अख्खा कसा दिसला?

खुंट्याच्या पुढे नेहमी कुणाची तरी पाठ असते. ‘अर्धा जन्म मी तिची वेणी बघत ओढलंय,’ असं धाकटीच थट्टेनं म्हणायची. त्या दिवशी वेणी कुठे गेली होती?

मग त्यांना वाफाळतं पाणी आठवलं, आणि दोन्ही हातांनी कडकडीत पिळलेलं कापड. बाई ओल्या सिमेंटवर बसूनच राहिल्या. झाडणारी घाबरून विचारायला लागली, काय झालं, कुणाला बोलावू.

“कुणाला नको,” बाई म्हणाल्या. “उद्या मीच सगळ्यांना बोलावते.”

५

चौकशी अधीक्षकांच्या खोलीत होणार होती. बाईंनी ती धाकटीच्या खोलीत आणली. अधीक्षक खुर्चीवर, हवालदार दाराशी, तोफ भिंतीला टेकून, घडी पट्ट्या बांधलेले हात पोटाशी धरून. अबोली नेहमीसारखी पाणी घेऊन आली होती. इतकी माणसं बघून ती परत निघाली, पण बाई म्हणाल्या, “तुझं काम चालू दे.”

त्यांनी मेण सांगितलं, पट्टे सांगितले, तोफ का पडली ते सांगितलं. तोफेनं मधेच पदरानं तोंड झाकलं. सगळं सांगून होईपर्यंत अबोलीनं दोनदा कापड बुडवून पिळलं होतं.

“आता राहिलं एकच,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी दोर सगळ्यांच्या हातातून निसटला. घट्ट धरलेल्या मुठीतून दोर गेला की तो कातडी सोलतो. घडीचे हात बघा. बाकीच्यांचेही असेच. ज्यांनी धरून ठेवला त्या सगळ्या भाजल्या. अबोली, कापड ठेव आणि तळवे दाखव.”

अबोलीनं कापड परातीत ठेवलं. हात पदराला पुसले आणि पुढे केले. इस्त्रीनं निबर झालेले, गुलाबी, अखंड.

“हे हात कढत पाणी पिळतात,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात व्हायचा तसा सपाट झाला होता. “दोर पळायच्या आधीच तू तो सोडलास. सोडलास आणि बाजूला झालीस, ही तुझ्यावर येऊन आदळू नये म्हणून. म्हणून हिला खांब अख्खा दिसला. पाय सुटणार हे आधी ठाऊक असलेलं माणूसच तसं करील.”

अबोली बोलली, आणि धुलाईखान्यातल्या कुणीही तिला एका दमात इतकं बोलताना ऐकलेलं नव्हतं.

“हिच्या आधी खुंटा कोण होती, ते सांगितलं का हिनं तुम्हाला? माझी अक्का. मुकादमही तीच होणार होती. हिनं पायऱ्यांवर साबणाचं पाणी सांडलं आणि पुसलं नाही. अक्का उकळत्या पाण्याचं घमेलं घेऊन उतरत होती. नंतर सगळ्यांनी विचारलं तर ही म्हणाली, धांदरट होती. तेवढंच. धांदरट होती.” तिनं परातीकडे पाहिलं. “अक्का परत उठली नाही. शेवटपर्यंत तिचं अंग मीच पुसलं. शेकायचं कापड कसं पिळायचं ते मी तिथंच शिकले, बाई. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात ना, तेव्हा मला हसू आलं होतं.”

बाईंना वाटलं होतं की नाव निघाल्यावर आपल्याला मोकळं वाटेल. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं आता ‘खोटं आहे’ म्हणावं, मोठ्यानं म्हणावं, म्हणजे उरलेलं सगळं सोपं होईल.

धाकटी अबोलीकडे बघत होती. ती काहीच म्हणाली नाही, आणि तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या बाईंना त्या न म्हणण्यातून सगळं कळलं.

अधीक्षक उठले. हवालदाराला म्हणाले, दारावर थांबा, मी पोलिसांना कळवतो.

“काय कळवणार?” धाकटी म्हणाली.

“म्हणजे? या बाईनं तुमच्या बुटांना मेण लावलं.”

“मेण मी लावलं,” धाकटी म्हणाली. “पांढऱ्या बुटांना चकाकी यावी म्हणून. टाचांना जास्त लागलं असेल. माझी चूक. तोफेला कामावर राहू द्या आणि जा सगळे.”

६

माणसं गेल्यावर बाई भांडल्या. आयुष्यात धाकटीशी त्या एवढ्या मोठ्यानं भांडल्या नव्हत्या. तुला वेड लागलंय, म्हणाल्या. तुझ्यासाठी मी गुडघे फोडून घेतले. तू काय केलं असशील ते असशील, पण हिनं तुझा पाय घेतला, आणि तू तिला सोडून देतेस.

“सोडून?” धाकटी म्हणाली. “तू तिला तुरुंगात पाठवशील, ताई. तिथं ती भिंतीला टेकून बसेल आणि समाधानानं जेवेल. मला ती इथं हवी. रोज.”

अबोली परात उचलून दारापर्यंत गेली होती. धाकटी तिला म्हणाली, “उद्या येशील. डॉक्टरांनी पायाचा व्यायाम सांगितलाय. तळव्याला हातानं आधार द्यायचा आणि मी ढकलायचं. तो आधार तू द्यायचास. मी उठेन ती तुझ्या हातावर पाय देऊन उठेन.”

“उठणार नाहीस,” अबोली म्हणाली. “पण येईन. तुला पडलेली बघायला मी कुठेही येईन.”

आणि ती येऊ लागली. सकाळी इस्त्रीच्या आधी ती पलंगाच्या पायथ्याशी हवालदाराकडून परत आणलेल्या त्या चाकांच्या स्टुलावर बसायची, धाकटीचा डावा तळवा आपल्या हातात घ्यायची आणि म्हणायची, “ढकल.” धाकटी घामाघूम व्हायची. पाय लाकडासारखा पडून राहायचा. अबोली तो खाली ठेवायची, शेकायची, आणि जाताना म्हणायची, “अक्काचाही असाच होता.” धाकटी म्हणायची, “उद्या ये.” दोघींच्यात याखेरीज एक शब्द नाही.

बाई खिडकीजवळ बसून असायच्या. त्यांच्या मनातला राग आता कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. दोराला टोकं दोनच असतात, आणि ती दोन्ही धरलेली होती. तिसऱ्या माणसाला धरायला जागाच नव्हती. कधी त्यांना वाटायचं की अबोलीला ढकलून बाहेर काढावं. पण मग धाकटीच्या चेहऱ्याकडे नजर जायची. खांबावर आदळल्यापासून तो चेहरा इतका जिवंत सकाळची ही वेळ सोडून कधीच दिसत नव्हता.

उन्हं कडक व्हायला लागल्यानंतरची एक सकाळ होती. अंगणात चादरी वाऱ्यानं फुगून दोऱ्यांना ओढत होत्या. अबोली म्हणाली, “ढकल.” धाकटीनं पलंगाच्या दोन्ही कडा धरल्या, दात आवळले. नेहमीसारखंच काही झालं नाही.

मग स्टुलाचं एक चाक कुरकुरलं.

बाईंनी चष्मा सारखा केला. अबोली होती तिथून मागे सरकली होती. बोटभर, जास्त नाही. तिनं आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. कुणी ढकलल्याशिवाय चाकं मागे जात नाहीत, हे त्या खोलीत बाईंना कळत होतं आणि त्या दोघींनाही कळलं होतं.

धाकटी धापा टाकत होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. रेषेवर उभी असताना तिचे डोळे व्हायचे तसे ते झाले होते.

“पुढच्या वर्षी खुंटा मी,” ती म्हणाली. “माझ्या पुढे तूच उभी राहशील. बूट मात्र मी स्वतः घालीन.”

अबोलीनं दोन्ही पाय स्टुलाखालून काढले आणि फरशीवर घट्ट रोवले. चाकं जागच्या जागी थांबली. तिनं धाकटीचा तळवा पुन्हा आपल्या अखंड तळव्यांवर घेतला, आणि सगळा जोर लावून पुढे रेटला.

“हे काहीच नाही,” ती म्हणाली. “अजून ढकल.”